सोळा रंगांच्या जागा

पौड,
२२ जुलै १९८९

शहनाजबेटीस मामूंची दुवा.

तुझी फ्लॉपी न वाकता पोचली, हे विशेष. पोस्टमनला मी आधीच दम देऊन ठेवला होता. चित्राची फाईल उघडणारं तुझं फंक्शन यंत्रावर चढवलं. चालतं. नावं ठेवायला जागा आहे, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला तू कुठे चार घरं मोकळी सोडतेस तर कुठे पाच, पण चालतं.

आता माझं काम ऐक. इथल्या भातकेंद्राला मिळालेल्या संगणकाचा पडदा रंगीत आहे खरा, पण एका वेळी सोळाच रंग दाखवतो. भाताच्या पानांची आठ चित्रं पुण्याहून करून आली आहेत, एकेका रोगाचं एकेक. तुझं फंक्शन फाईल उघडतं आणि तिच्यातले ठिपके व रंग काढून देतं. तिथून पुढचं माझं. फाईलने एखादा रंग मागितला की माझं फंक्शन आधी बघतं, सोळा जागांत तो बसलेला आहे का. असेल तर तीच जागा. नसेल तर रिकामी जागा देतं. आणि रिकामी जागाच उरली नसेल, तर बसलेल्यांतला सर्वांत जवळचा रंग शोधून त्यावर भागवतं. जवळचा म्हणजे कसा? लाल, हिरवा, निळा, तिन्हींतला फरक काढायचा, त्याचा वर्ग करायचा, बेरीज घ्यायची. बेरीज कमीत कमी, तो जवळचा. सातवी पास रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला हे कोण शिकवणार? एका हाताला पुस्तक, दुसऱ्या हाताला शब्दकोश, असं करून मीच काढलं. केंद्राचे साहेब म्हणाले, "शेखमियाँ, हे कुठून आणलंत?" मी म्हटलं, "दुकानातूनच. रेडिओच्या खालच्या फळीवर होतं."

बाजाराच्या दिवशी शेतकरी पान घेऊन येतील, पडद्याशेजारी धरतील, रोग ओळखतील. मी आठही चित्रं स्वतः तपासली. एक झालं की यंत्र बंद, गार होऊ द्यायचं, मग दुसरं. पौडच्या विजेचा भरवसा नाही आणि तापलेल्या यंत्रावर मी काम करत नाही, मग तो रेडिओ असो की हे. आठही चित्रं हुबेहूब.

पुण्याच्या मुख्य केंद्रात तू नोकरीचा अर्ज केलास हे साहेबांच्या कानावर घातलं. म्हणाले, हे काम नीट पार पडलं तर मुलीचं नाव मीच पुढे करीन. तुझ्या आईला सांग, बीबीजान, तुझा भाऊ आहे इथे, काळजी करू नकोस, आणि खोकल्याचं औषध चुकवू नकोस.

जैनुद्दीन


कुर्ला, मुंबई,
३ ऑगस्ट १९८९

जैनूमामूंना सलाम.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. खालच्या फळीचं ऐकून ती हसली आणि मग बराच वेळ खोकली. इथे खिडकी उघडली की कारखान्याची काजळी आत येते, मिटली की जीव घुसमटतो. डॉक्टर म्हणतात, हवा बदला. पुण्याची नोकरी मिळाली तर हिवाळ्याआधी तुला पौडला नेते, असं मी तिला बोलून बसले आहे. न मिळाली तर काय सांगू, हे अजून ठरवलेलं नाही. मामू, माझं सगळं त्या एका जागेवर आहे.

ओळींची घरं सारखी करीन. एक विचारू का? एक चित्र पडद्यावरून गेलं आणि दुसरं आलं, की पहिल्याने अडवलेल्या रंगांच्या जागा तुमचं फंक्शन मोकळ्या करतं ना? पत्रात ते आलं नव्हतं, म्हणून विचारलं.

शहनाज


पौड,
९ ऑगस्ट १९८९

शहनाजबेटीस दुवा.

तुझा प्रश्न वाचला. तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी वाल्व्हचे रेडिओ उघडतो आहे. पत्रात आलं नाही म्हणजे डोक्यात नाही, असं समजू नये. आठही चित्रं तपासली आहेत असं लिहिलं होतं. बहुधा ती ओळ तू घाईत वाचलीस. फाईल उघडणं तुझं काम, रंगांना जागा देणं माझं. मी तुझ्यात हात घालत नाही, तूही मला शिकवू नकोस.

असो. काल बाजाराच्या दिवशी काय गर्दी लोटली म्हणतेस! रिहे गावचा गेणबा आला होता. माझ्याबरोबर चौथीपर्यंत होता तो, तुझ्या निकाहाच्या गोष्टी तुझ्या आईपेक्षा तोच जास्त काढतो. आंबेमोहराचं पान घेऊन आला, त्यावर तपकिरी डाग. मी एकामागून एक चित्र लावत गेलो. वीज खालीवर होत होती, म्हणून माझी नजर व्होल्टेजच्या काट्यावर. पडदा बघायचं काम गेणबाचं.

"हा तपकिरी ठिपका बघ. जुळतोय का?"

"जुळतोय की. माज्या पानाचा सख्खा भाऊ."

"आणि हा शेवटचा, करपा?"

"ह्येचे डाग पिवळे हायेत. माजे न्हाईत तसे. पर जैनूभाई, मला आपलं वाटत व्हतं करपाच असंल."

"वाटण्याचे दिवस गेले, गेणबा. वाटण्यावर विसंबून तू गणितात किती मार्क मिळवलेस ते गुरुजींना विचार."

लोक हसले. तोही हसला. तपकिरी ठिपका जमिनीत कस कमी असला की येतो, म्हणून त्याला युरिया टाकायला सांगितलं. खुशीत गेला. जाताना म्हणतो कसा, "घरी सांगतो, जैनूभाईनं पानाची पत्रिका काडली."

जैनुद्दीन


रिहे,
८ आक्टूबर

जैनूभाईस गेणबाचा रामराम.

सोता येनार व्हतो, पर पाय निघंना. म्हनून कार्ड टाकतोय. भात गेलं. लोंब्या बाहीर पडल्या आन् मानंत मोडल्या. लांबनं बघशील तर पांडरं शेत दिसतंय, हात लावशील तर समदं पोचट. केंद्राचा मानूस येऊन बघून गेला. म्हनला करपाच व्हता, आन् करप्यावर युरिया म्हंजी त्येला जेवाय घातल्यावानी. ह्यो आंबेमोहर आमच्या आज्यापास्नं घरच्याच बियान्याचा. पुढल्या साली पेरायला मूठ सुदिक न्हाई राहत. घरात सारजा निस्ती भाकरी थापती, ती बी जोरात.

मला येकच सांग. तुजं यंत्र चुकलं का माजे डोळे चुकले? डोळे चुकले असतील तर तसं म्हन, मी कबूल हाय. चावडीवर लोक इचारत्यात, त्यास्नी काय सांगू ते कळव.

गेणबा


पौड,
११ ऑक्टोबर १९८९

गेणबास,

कार्ड मिळालं. वाईट झालं. तुझे डोळे चुकले नाहीत. पण माझं फंक्शनही चुकलेलं नाही. काल रात्री यंत्र गार असताना करप्याचं चित्र पुन्हा लावून पाहिलं. डाग तपकिरीच दिसतात, पिवळे नाहीत. याचा अर्थ फाईल कधी नीट उघडते, कधी उघडत नाही. फाईल उघडण्याचा भाग माझा नव्हे. तो मुंबईहून आला, आमच्या बीबीजानच्या शहनाजने लिहिलेला. पोर हुशार आहे, पण घाईची आहे. साहेबांनी खुलासा मागितला होता, त्यांनाही मी हेच कळवलं. चावडीवर कोणी विचारलं तर तूही हेच सांग.

जैनुद्दीन


पौड,
११ ऑक्टोबर १९८९

शहनाजबेटीस,

गेणबाचं भात गेलं. करपा होता, आणि त्या दिवशी पडद्याने करपा पिवळा दाखवला. तुझं फंक्शन एखाद्या वेळी रंग चुकीचे उचलतं. साहेबांनी विचारलं, तेव्हा मला तुझं नाव सांगावं लागलं. घरचं माणूस म्हणून मी कुणाची चूक झाकत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. दुरुस्त करून लगेच पाठव. तुझ्या अर्जाचं काय करायचं ते साहेब बघतील. मी त्यात पडणार नाही.

जैनुद्दीन


कुर्ला, मुंबई,
२६ ऑक्टोबर १९८९

जैनूमामूंना सलाम.

सोबत फ्लॉपी आहे. चूक माझी होती. आधीच्या दोन्ही फायली, माझी आणि तुमची, काढून टाका आणि यातल्या दोन्ही घाला. एकच घालू नका.

गेणबाचाचांना वेगळं पत्र टाकून माफी मागितली आहे. "रिहे, पोस्ट पौड" एवढ्यावर ते पोचेल ना?

पुण्याहून कळलं, जागा दुसऱ्याला दिली. कारण लिहिलेलं नाही. आईला सांगितलेलं नाही. तिने एक पेटी भरून ठेवली आहे, रोज उघडते आणि पुन्हा लावते. गोधडी आधी ठेवायची की भांडी, असं ती विचारते, मी सांगते.

शहनाज


रिहे,
१९ नोव्हेंबर

जैनूभाईस रामराम.

पोरीचं पत्र आलं. सारजानं दोनदा वाचून घेतलं. अक्षर लई गोड. "चाचा, माज्या हातनं चूक झाली, माजं तोंड दावायची लाज वाटती" असं लिवलंय. माजा राग व्हता तो तितंच गेला. आमी उलट टपाली लिवलं, पोरी, भात काय पुढल्या साली बी येतंय, तू खानं-पिनं टाकू नगं. तू बी तिला घालूनपाडून बोलू नगंस. तुजा तोंडाचा पट्टा मला ठावं हाय.

दुसरं म्हंजी, नव्या भाताची पयली पायली दर साली तुज्या घरी येती. औंदा माजं खळंच न्हाई. पर तुज्याकडं रिकाम्या हातानं कसं यायचं? म्हनून नांद्याच्या पाव्हन्याकडनं पायली आनली, ती येश्टीच्या डायवरसंगं धाडलीया. आपल्यावानी वास न्हाई तिला. ह्या साली गोड मानून घे.

गेणबा


पौड,
३ डिसेंबर १९८९

शहनाज,

तुला बेटी म्हणून पत्र सुरू करायला हात धजत नाही.

तुझ्या दोन्ही फायली घातल्यावर सगळं सुरळीत चाललं. मी साहेबांना म्हटलंसुद्धा, "पाहा, सांगत होतो." पण मला स्वस्थ बसवेना. तुझी चूक नेमकी कोणत्या ओळीत होती, ते पाहायचं होतं. पाहून ठेवलं असतं आणि कधीतरी तुला ऐकवलं असतं. हेतू हाच होता, लपवत नाही.

म्हणून तुझी नवी फाईल घातली आणि माझी जुनीच ठेवली. त्या दिवशी केंद्रात नवा स्टॅबिलायझर बसला होता, म्हणून यंत्र मध्ये बंद न करता चित्रं ओळीने लावत गेलो. चौथ्या चित्रापासून रंग बिघडू लागले. शेवटचा करपा आला, पिवळा. मग उलट केलं. तुझी जुनी, माझी नवी. आठही चित्रं हुबेहूब. दोन्ही तऱ्हा मी पुन्हा करून पाहिल्या, या आशेने की काहीतरी वेगळं निघेल. निघालं नाही. तुझ्या फंक्शनमध्ये तू काहीही बदललेलं नाहीस, ओळींची घरं तेवढी सारखी केलीस. बदललंस ते माझ्यात.

एस.टी.त लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी माझं फंक्शन रंगांना जागा धरून द्यायचं. चित्र उतरून गेलं तरी त्याचे रुमाल मी उचललेच नाहीत. मागून आलेल्या रंगांना बसायला जागाच नव्हती. करप्याच्या फिक्या तपकिरीला मी कुणा पिवळ्याच्या मांडीवर बसवलं आणि वर हिशेबाने दाखवलं की हाच सर्वांत जवळचा. दर चित्रानंतर यंत्र बंद करायची माझी शिस्त. यंत्र बंद झालं की जागा आपोआप मोकळ्या व्हायच्या, म्हणून मला ते कधी दिसलं नाही. बाजाराच्या दिवशी गर्दीत ती शिस्त राहिली नाही. तू ऑगस्टमध्ये एवढंच विचारलं होतंस. ते पत्र माझ्यासमोर आहे.

हे कळलं तोवर गेणबाची पायली अर्धी आमच्या पोटात गेली होती. त्याने माझ्या चुकीपायी स्वतःचं भात घालवलं, दुसऱ्याचं आणून मला पाठवलं, आणि मी "वास कमी आहे" म्हणत ते खाल्लं.

रिह्याला गेलो. गेणबा अंगणात कोयता घासत बसला होता. मी उभ्यानेच सांगितलं, चूक शहनाजची नव्हती, माझी होती. त्याने कोयता बाजूला ठेवला.

"कवा कळलं तुला?"

"परवा."

"आन् आक्टूबरात?"

"तेव्हा माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं ना? मंग पोरीचं नाव कसं घेतलंस?"

मला वाटलं होतं तो भाताचं विचारील. त्याचं उत्तर मी वाटेत तयार केलं होतं. सारजाबाई दारात पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

"जैनू," गेणबा म्हणाला. भाई गळालं. "युरियाचं मी समजू शकतो. मानूस चुकतंय. पर तुला ठावं नव्हतं तर 'मला ठावं न्हाई' येवढंच लिवायचं व्हतंस. कार्डावर जागा व्हती."

मग म्हणाला, चल. चावडीवर घेऊन गेला. गावातला कोंडाजी आणि आणखी चौघं-पाचजण बसले होते. जिथे तुझं नाव गेलं होतं तिथेच मी माझं सांगितलं. बाजारात मी तुझ्या अर्जाचं मिरवलं होतं, ते आठवून कोंडाजी म्हणाला, "मंग त्या पोरीच्या नोकरीचं?" मी म्हटलं, गेली. एकाने माझ्यासाठी सरकून जागा केली, पण मला बसवेना.

साहेबांनाही कळवलं. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत, पण जागा भरली. पुढे निघाली तर बघू. म्हणजे मी खरं बोलून कुणाचं काहीच परत आलेलं नाही.

तू सगळं ओळखून माझी लाज झाकलीस. मामूवर एवढी माया करावी असं मी काय केलं, आठवत नाही. बीबीजानला इथे पाठव. नोकरीची वाट बघू नकोस. पूर्वेकडची खोली झाडून घेतली आहे.

जैनुद्दीन


कुर्ला, मुंबई,
१४ डिसेंबर १९८९

जैनूमामूंना सलाम.

तुमचं पत्र आईपासून लपवलं नाही. सगळं वाचून दाखवलं, नोकरीचंही. ती म्हणाली, मला केव्हाच कळलं होतं, तू गोधडीबद्दल सांगताना माझ्याकडे बघत नव्हतीस. जानेवारीत तिला घेऊन येते. मी परत फिरेन.

एक गोष्ट मात्र तुम्ही चुकीची वाचलीत. मी माया म्हणून झाकलं नाही.

ऑगस्टमधलं तुमचं पत्र आलं, त्यात गेणबाचाचा म्हणत होते, करप्याचे डाग पिवळे आहेत. करप्याच्या फाईलमध्ये पिवळा रंगच नाही, मामू. माझं फंक्शन तपासताना मी ती कितीदा उघडली होती. ते वाक्य वाचलं आणि काय झालं असेल ते मला त्याच क्षणी समजलं. कार्ड लिहायला घेतलं. पण त्याच पत्रात वर तुम्ही लिहिलं होतं, शिकवू नकोस. मी कार्ड अर्धं लिहून ठेवून दिलं. वाटलं, पुन्हा लिहिलं तर मामू रागावतील, साहेबांकडे माझं नाव घेणार नाहीत, नोकरी जाईल. त्या वेळी ते धाडलं असतं तर युरिया टाकायचा थांबला असता. शेत वाचलं असतं.

म्हणून ऑक्टोबरमध्ये "चूक माझी होती" असं लिहिलं ते सगळं खोटं नव्हतं. गेणबाचाचांनी मला माफ केलं ते न केलेल्या चुकीसाठी. केलेली त्यांना माहीत नाही. जानेवारीत मला रिह्याला घेऊन चला.

लहानपणी तुम्ही मला रेडिओच्या आत बघू द्यायचे, पण हात लावला की बोटांवर पट्टी मारायचे. अजूनही तुमच्या कामाबद्दल काही लिहायचं म्हटलं की मी आधी बोटं मागे घेते. मी पंचवीस वर्षांची आहे.

शहनाज


पौड,
२० डिसेंबर १९८९

शहनाजबेटी,

तुझं पत्र घेऊन रिह्याला गेलो. जानेवारीची वाट पाहिली असती तर तुझ्याआधी मी काहीतरी सारवासारव केली असती. स्वतःला एवढं ओळखतो. गेणबाला अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. पट्टीचंही वाचलं. काही गाळलं नाही.

त्याने पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घालून परत दिलं. मग म्हणाला, "पोरीला सांग, तिची बोटं मला दिसली. तिच्यावर माजं कायबी न्हाई." पुढे म्हणाला, "आन् तू हितं येऊन मला तोंड नगं दावूस सारखं. घरी जा, आन् तिला इचार, भ्यायल्यापायी तुला सांगायचं आजून काय काय ऱ्हायलंय."

त्याने बस म्हटलं नाही. मीही बसलो नाही.

म्हणून विचारतो. माझ्या फंक्शनमध्ये तुला आणखी काय खटकलं ते लिही. फंक्शनच्या बाहेरचंही लिही. मी उलट टपाली उत्तर देणार नाही. वाचीन.

जैनूमामू